देऊळ जेवत्या हाताला

ट्रक दोन आले होते. निळा दौंडकडे जाणार होता आणि पिवळा शिरूरकडे. यादी वाचणाऱ्या माणसाचा आवाज बसला होता, त्यामुळे कुणी कुठल्या ट्रकात चढायचं हे लोक एकमेकांनाच विचारत होते. आमचं कळमसोंड गाव धरणात जाणार होतं. मी तेव्हा पाचवीत होते.

लोकांनी आपापली घरं उलगडून बरोबर घेतली होती. वासे, कौलं, खुंट्या, जात्याची पाळी. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सागवानी दार बिजागरीतून काढून ट्रकच्या तळाशी आडवं घातलं, त्यावर पोती रचली. उंबरा मात्र निघेना. त्याची दोन्ही टोकं भिंतीच्या दगडांत खोल बसलेली. आप्पांनी पहार लावली, एका बाजूचा दगड हलला, दुसऱ्या बाजूचा हलला नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. शेवटी आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिथं नवा करू."

आई उंबऱ्याशी खाली बसली. रोज सकाळी वाहायची तसं तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "मी येईन माघारी. माझी राख झाली की येईन." दत्ता, माझा भाऊ, तीन वर्षांचा, तिच्या कडेवर होता. त्यानं ऐकलं असेल, पण त्याला आठवत नाही. मला आठवतं.

जनामावशी पिवळ्या ट्रकात होती. आमची आणि तिची भिंत एक. आई आणि ती एकाच वर्षी लग्न होऊन कळमसोंडात आल्या, पाणवठ्यावर बरोबर जायच्या, एकमेकींच्या घरातलं मीठ न विचारता घ्यायच्या. शिक्रापूरच्या चौकापर्यंत दोन्ही ट्रक मागेपुढे चालले. चौकात पिवळा ट्रक केंदूरकडे वळला. जनामावशीनं हात केला नाही, नुसता पदर तोंडाला लावला. एवढंच निरोप घेणं झालं.

तुमच्यापैकी जे यवतजवळ उतरलात आणि जे केंदूरला गेलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. आई गेली, हे तुम्हाला कळलं आहे. कसं झालं आणि त्यानंतर काय झालं, ते फोनवर सांगता येण्यासारखं नाही.

यवतपासून आत, नव्या गावठाणात आम्हाला जागा मिळाली. चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या सरळ रेषा, चिठ्ठ्या टाकून ठरलेले प्लॉट. कळमसोंडात ज्यांच्या भिंती एक होत्या, त्यांच्यामध्ये इथं चार-चार गल्ल्या आल्या. पहिल्या वर्षी आई म्हणायची, "हितं डोळं कुठं ठेवावं तेच कळत न्हाई." डोंगर नाही, उतार नाही, सपाट काळी जमीन थेट आभाळाला जाऊन भिडलेली. कातळावर ऊन आलं की भाकरी टाकायची, खिंडीत सावली उतरली की गुरं घ्यायची, हे तिचं घड्याळ तिकडेच राहिलं होतं. आप्पांनी तिला बाजारातून खरं घड्याळ आणून दिलं. तिनं ते भिंतीवर लावलं आणि कधी पाहिलं नाही.

इथल्या ज्यांची जमीन आमच्यासाठी काढून घेतली गेली, त्यांना आम्ही नको होतो, आणि त्यात त्यांचंही चुकलं नव्हतं. शाळेत आम्हाला "धरणवाली" म्हणायचे. पहिल्यांदा कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं, तेव्हा शेजारच्या मळ्यातले एक आजोबा बांधावरून आईला म्हणाले, "घ्या, आलं तुमचं धरन मागं मागं!" चेष्टा होती ती. पण आई कालव्यापाशी गेली, ओंजळ भरली, पाणी डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "व्हय. माझ्या दारावरनंच आलंय ते." ते आजोबा पुढे कधी चेष्टा करताना मी ऐकले नाहीत. नंतर त्यांच्याच घरातून आमच्याकडे पहिल्यांदा उसाचा रस आला.

आईच्या एका गोष्टीची मात्र घरात चेष्टा होत राहिली. कळमसोंडात आमच्या दारातून बाहेर पडलं की पाणवठा डाव्या हाताला होता. इथं नळ उजव्या हाताला आला. आई रोज पहाटे हंडा घेऊन दारातून बाहेर यायची, डावीकडे वळायची, दोन पावलं टाकायची, थांबायची आणि मग मागे फिरून नळाकडे जायची. एक दिवस नाही, एक वर्ष नाही, चाळीसहून जास्त वर्षं. पुढे दत्ताचं लग्न झालं, रंजना घरात आली, घरात मोटार आली, टाकी आली, हंड्याची गरज राहिली नाही, तरी आई हंडा घेऊन बाहेर पडायची आणि डावीकडे वळायची. रंजना ओट्यावरून ओरडायची, "आत्या, पाणी इकडं हाय!" आई म्हणायची, "म्हाईत हाय गं. पायाला सांग."

आईचं सगळं कळमसोंड त्या दोन पावलांत होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. मी पुस्तकातली मुलगी होते. गावठाणातून कॉलेजला जाणारी पहिली मुलगी, म्हणून आई माझं कौतुक करायची आणि माझ्या पुस्तकांना थोडी भ्यायचीही. माझं वाचून झालेलं पुस्तक ती उचलून ठेवायची, तेव्हा आधी हात पदराला पुसायची. मी ग्रंथपाल झाले. शिक्रापूरजवळच्या एका कॉलेजात नोकरी लागली आणि ज्या चौकात ते दोन ट्रक वेगळे झाले, त्याच चौकापासून दहा मिनिटांवर तिसऱ्या मजल्यावर मी फ्लॅट घेतला. आता तिथं दिवसभर ट्रेलर आणि कंटेनर उभे असतात. माझ्या बिल्डिंगमधल्या बहुतेक खोल्या कंपन्यांतल्या मुलांनी भाड्यानं घेतलेल्या. शिफ्ट सुटली की जिन्यात बुटांचा आवाज होतो. एकानं एकदा जिन्यात विचारलं, "मॅडम, आप का गाँव कौन सा?" मी म्हटलं, "पानी में है।" तो हसला, त्याला वाटलं मी गंमत केली. मग तो म्हणाला, "हमारा भी हर साल जाता है, फिर निकल आता है।" मी त्याला आमचं निघत नाही असं सांगितलं नाही.

मी निवृत्त व्हायच्या वर्षी एका जुन्या पुस्तकवाल्याकडे मला ते चित्र मिळालं. वहीच्या पानाएवढं. इंग्रजांच्या काळातलं कुठलंतरी प्रवासाचं पुस्तक फाडून त्यातली चित्रं त्यानं सुटी विकायला ठेवली होती. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून त्यावरून छापलेलं चित्र, कडेला दाबाची खूण, कागदावर तांबूस ठिपके. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत एवढंच की भीमेच्या उगमाकडचं एक खेडं. गावाचं नाव नाही. पुढे नदी, पलीकडच्या काठावर वीसेक घरं, एका टोकाला देऊळ, मागे डोंगर. डोंगराला एकीकडे चपटा काळा कातळ आणि दुसरीकडे खिंड, कुऱ्हाडीचा एक घाव घातल्यासारखी.

ती खिंड पाहून मी चित्र उजेडात नेलं. आमच्याकडे गावाचा एकही फोटो नाही. कुणाकडेच नाही. माझी आठवण अकरा वर्षांच्या मुलीची, ती किती धरायची? तरी मला वाटलं, हे कळमसोंड आहे. मी ते फ्रेम करून घेतलं आणि रविवारी आईकडे गेले.

आई ओट्यावर शेंगा फोडत होती. मी चित्र तिच्या हातात दिलं. म्हटलं, "आये, बघ हे कुठलं गाव ते."

तिनं चित्र लांब धरलं, जवळ धरलं. दत्ता आणि रंजना मागून वाकून बघत होते.

"ही गाय कुनाची?" आई म्हणाली. नदीकाठी एक गाय कोरलेली होती, गुबगुबीत, बिनवशिंडाची. "ही तर जर्सी हाय!"

दत्ता मोठ्यानं हसला. "साहेबानं येताना बरूबर आनली असंल."

"आन् ह्यो माड? आपल्याकडं माड कवा होता?"

मी सांगितलं की असे चित्रकार गाय, झाडं, माणसं मनानं घालायचे. डोंगर बघ, म्हटलं. आईनं बराच वेळ डोंगर पाहिला. मग देवळावर बोट ठेवलं.

"बाजारातनं येताना नदीच्या अलीकडं उभं ऱ्हायलं की देऊळ डाव्या हाताला दिसायचं. हितं जेवत्या हाताला हाय." आई उजव्या हाताला जेवता हात म्हणायची. "न्हाई सुमे. ह्ये आपलं गाव न्हाई."

मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मी थकले होते. कॉलेजातली नोकरी संपत होती, आदल्या महिन्यात माझे गुडघे तपासून झाले होते, आणि आईला काहीतरी मोठं आणून दिल्याचा आनंद एका वाक्यात संपला होता. मी म्हटलं, "असेल दुसरं. डोंगर सगळीकडे सारखेच." चित्र तिथंच ठेवून संध्याकाळच्या एस.टी.नं परत आले.

त्यानंतर काही महिन्यांनी रंजना फोनवर म्हणाली, "अक्का, एक नवलच झालं. आत्या आता सरळ नळाकडं जातात. डावीकडं वळतच न्हाईत."

"कधीपासून?"

"झालं की लई दिस. रुळल्या म्हनायच्या अखेर."

आम्ही दोघी हसलो. मला बरंसुद्धा वाटलं. एवढ्या वर्षांनी आईचा पाय इथं बसला, असं मी माझ्या वहीत लिहूनही ठेवलं. ती ओळ अजून वहीत आहे.

आई मार्गशीर्षात गेली. आजार असा नाही. आदल्या संध्याकाळी चहा अर्धा ठेवला, सकाळी उठली नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर मडकं पांढऱ्या फडक्यात बांधून दत्तानं ओट्याच्या खुंटीला टांगलं आणि म्हणाला, "भीमेच्या घाटावर जाऊ उद्या. सगळे तिथंच जातात."

मी म्हटलं, "तिनं उंबऱ्याशी सोडा म्हणून सांगितलंय."

"कवा सांगितलं?"

"ट्रक निघाला तेव्हा."

दत्ता हळूच म्हणाला, "अक्का, तिथं काय हाय? दोन डोंगरांच्या मधी नुसतं पानी. उंबरा कुठं, दार कुठं, कोन सांगनार? ठाऊक असनारी मानसं ऱ्हायली किती? आन् पानी तर तिथलंच हितं येतंय की. तीच म्हनायची."

त्याचं चुकत नव्हतं. दार आमच्या समोर होतं, त्याच दाराला तो टेकून उभा होता. नव्या घरात आप्पांनी ते बसवलं, पण खाली लाकडी उंबरा कधी झाला नाही. आधी सिमेंटची पट्टी होती, आता फरशी आहे. मी एवढंच म्हटलं, "जाऊ तरी. नाही सापडलं तर नाही."

निघायच्या आधी आईच्या ट्रंकेतलं एखादं लुगडं तिच्याबरोबर सोडावं म्हणून मी ट्रंक उघडली. तळाशी, तिच्या लग्नातल्या लुगड्याच्या घडीत, ते चित्र होतं. फ्रेम काढून टाकलेली, चित्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. जे आपलं गाव नाही म्हणाली, ते तिनं असं का जपलं, मला कळेना. मुलीनं आणलं म्हणून जपलं असेल, असं मी धरलं. लुगड्याबरोबर तेही पिशवीत टाकलं. हेही सोडून देऊ, म्हटलं.

सकाळी सातला आम्ही धरणाच्या काठावर होतो. थंडी होती. किसन नावाचा मासेमारी करणारा माणूस होडी घेऊन आला. चाळिशीचा असेल. धरण झाल्यावर जन्मलेला, वरच्या वाडीतला. त्यानं कळमसोंड पाहिलेलं नाही, पाणीच पाहिलेलं. दत्तानं विचारलं, गाव नेमकं कुठं होतं? किसन म्हणाला, "म्हातारी सांगायची, ह्या अंगाला. कुनी म्हनतं त्या अंगाला. मला काय, मला समदीकडं मासंच."

पाणी अगदी स्थिर होतं. आम्ही डोंगराच्या दिशेनं गेलो, पायथ्यालगत इकडून तिकडे फिरलो. कातळ ओळखू आला, खिंड ओळखू आली. पण त्यांच्यामध्ये अर्धा मैल पाणी. आमचं दार कातळाखाली की खिंडीखाली? देवळापासून तिसरं घर, एवढं आठवत होतं. देऊळ कशाखाली? मी डोळे मिटून बाजाराकडून घरी येऊन पाहिलं, आणि प्रत्येक वेळी देऊळ वेगळ्या जागी येत होतं. चित्रात देऊळ खिंडीपासून लांबच्या टोकाला होतं, पण चित्र तर दुसऱ्या गावाचं. तासाभरानं दत्ता म्हणाला, "अक्का, पुरं आता. काठाजवळ जाऊन सोडू. आईला राग यायचा न्हाई." मी मान हलवली.

किसननं होडी वळवली. आता डोंगर आमच्या पाठीशी होता आणि वल्हं मारत बसलेल्या किसनच्या तोंडासमोर. मी पिशवीतून लुगडं काढलं. चित्र मांडीवर ठेवलं.

किसनची वल्ही थांबली.

"ताई, ह्यो फोटो कुठं काढला?"

"फोटो नाही. जुनं चित्र आहे. दुसऱ्याच गावाचं."

"दुसरं कसलं? ह्यो ह्योच डोंगर हाय." तो माझ्या मांडीकडे बघत होता, मग आमच्या मागे, परत मांडीकडे. "मला हिकडनं उलटा दिसतोय. आन् पान्यात बघा, पान्यात डोंगर उलटाच हाय. तसाच्या तसा. मी रोज बघतो की ह्यो. तुम्ही मागं वळा."

आम्ही वळलो. पाण्यात डोंगर उलटा पडला होता, कातळ डावीकडे, खिंड उजवीकडे. दत्तानं माझ्या मांडीवरचं चित्र उचललं आणि उलटं धरलं. कातळ डावीकडे आला, खिंड उजवीकडे गेली. कड्यावरची बारीक चीरसुद्धा जुळली. पाण्याच्या रेषेशी चित्र धरलं, तर कुठं चित्र संपतं आणि कुठं पाणी सुरू होतं, ते कळेना.

मला हे ठाऊक असायला हवं होतं. मी आयुष्यभर पुस्तकांत बसले. समोरचं चित्र जसंच्या तसं पत्र्यावर कोरलं, की छापताना ते उजव्याचं डावं होऊन येतं. शहाणा कारागीर आरशात बघून कोरायचा, घाईतला तसंच कोरायचा. हे मी वाचलेलं होतं, विद्यार्थ्यांना सांगितलंही होतं. आई बरोबर सांगत होती आणि मी "डोंगर सगळीकडे सारखेच" म्हणून एस.टी. पकडली होती.

दत्तानं मोबाइल काढला, चित्राचा फोटो घेतला, स्क्रीनवर बोट लावलं आणि चित्र आरशातल्यासारखं फिरलं. देऊळ डाव्या हाताला आलं, कातळाच्या थेट खाली. पाणवठ्याच्या पायऱ्या खिंडीखाली. देवळापासून तिसरं घर आमचं. एवढंच करायचं होतं. वर्षभर त्या घरात तीन मोबाइल होते.

किसन म्हणाला, "कातळाच्या खाली म्हंजी तिथं. तिथं माझी जाळी अडकतात. खाली दगडं हायत, चौकोनी. मला वाटायचं आसंच कायतरी असंल." तो परत वल्हवायला लागला. एका जागी थांबून त्यानं दोरीला दगड बांधून खाली सोडला, दोरी थोडी ओढली आणि मान हलवली. दत्तानं फडकं सोडलं. आईची राख पाण्यावर पसरली, थोडा वेळ थांबली, मग खाली गेली. लुगडं नंतर. दत्ता, ज्याला या गावातलं काही आठवत नाही, हात जोडून म्हणाला, "आये, आलीस गं दाराशी." आणि तोंड फिरवून बसला.

चित्र मी सोडलं नाही.

दहावं, तेरावं उरकल्यावर मी शिक्रापुरात एका झेरॉक्सच्या दुकानात ते फिरवलेलं चित्र मोठं काढून घेतलं आणि केंदूरला जनामावशीकडे गेले. ती आता फार वाकली आहे. दारात उन्हाला बसली होती. मी कागद तिच्या मांडीवर पसरला.

तिनं एकही प्रश्न न विचारता पाणवठ्यावर बोट ठेवलं, मग पायऱ्यांवरून वर आणलं, देवळाशी नेलं आणि तीन घरं मोजून मागे आणलं. "ह्ये तुमचं. ह्ये आमचं." मग म्हणाली, "ह्ये चित्र म्या पाहिलंय सुमे. तवा उलटं होतं."

"कुठे पाहिलं?"

"हौशी आली होती न्हवं मागच्या संक्रातीला. वाणाच्या पिशवीत घालून. एकटीच, दोन एस.ट्या बदलून." हौशी म्हणजे माझी आई, हौसाबाई. ती केंदूरला आली होती, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. रंजनाला तिनं यवतच्या बाजारात जाते म्हणून सांगितलं असणार. "मला म्हनली, जने, खरं सांग, बाजारातनं येताना देऊळ कुठल्या हाताला? म्या म्हनलं, डाव्या. तर म्हनली, मलाबी डावाच वाटतो. पर डोंगर आपला हाय, कातळ आपला, खिंड आपली. आन् देऊळ जेवत्या हाताला. मंग?"

"मग काय म्हणाली?"

"म्हनली, सुमी एवढी शिकलेली, तिनं पुस्तकातनं आनलंय. साहेबानं समोर बसून काढलेलं. छापलेलं चुकंल व्हय? आपलंच डोकं फिरलं असंल जने, एवढी वरसं सपाटीवर ऱ्हाऊन. म्हनली, कुनाला बोलू नगो. पोरं म्हनत्याल म्हातारीला भरम झाला." जनामावशी माझ्याकडे न बघता बोलत होती. "मंग म्याबी गप ऱ्हायले. मलाबी वाटलं, आपलंच चुकत असंल. छापलेलं हाय म्हनल्यावर."

मी तिच्या शेजारी बसून राहिले. ऊन सरकलं तशी ती सरकली, मीही सरकले.

आईचा पाय इथं बसला नव्हता. तिनं डावीकडे वळणं सोडलं, कारण मी आणलेल्या कागदानं तिला सांगितलं की तुझं डावं हे डावं नव्हतंच. चाळीस वर्षं सपाट जमीन, चुन्याच्या रेषा, टोमणे, घड्याळ, नळ यांपैकी कुणालाही तिच्याकडून काढून घेता आलं नाही, ते मी एका रविवारी काढून घेतलं, प्रेमानं, फ्रेम करून. आणि वहीत लिहिलं की ती रुळली.

निघताना जनामावशीनं विचारलं, "हौशीला तिथंच सोडलं ना?"

"हो. तिसऱ्या घराशी."

"मंग बरं. आमचं दुसरं हाय, ध्येनात ठेव."

दत्ता म्हणतो आहे, चित्र फिरवून त्याचा फ्लेक्स करू, एक आपल्या समाजमंदिरात आणि एक केंदूरला. करू या. गाय आणि माड तसेच राहू देत, पोरांना हसायला काहीतरी हवं. ज्यांना आपलं घर कुठलं हे सांगता येतं, ते अजून सात-आठ जण आहेत. त्यांनी येऊन बोट ठेवावं, मी नावं लिहून घेईन. कुणाची आठवण चित्राशी जुळली नाही, तर मी आठवणच लिहीन.

मला कुणी विचारलं की घर कुठं, तर आता माझ्याकडे उत्तर आहे, पण ते एका ठिकाणचं नाही. दार यवतजवळ आहे. उंबरा कातळाखाली, पाण्यात. मधल्या चौकात मी राहते, तिथून कंटेनर जातात. एवढं मोठं घर फिरायला आता माझे गुडघे चालत नाहीत.

मासिकाला मी दत्ताकडे मुक्कामी होते. पहाटे जाग आली. ओट्यावर आईचा हंडा पालथा होता. मी तो उचलला, सागवानी दारातून बाहेर आले आणि डावीकडे वळले. दोन पावलांवर शेजाऱ्यांची कंपाउंडची भिंत आहे, त्यांची मोटारसायकल लावलेली असते. मी तिथं उभी राहिले.

मागून रंजना चूल सोडून बाहेर आली. "अक्का, पाणी इकडं हाय."

"माहीत आहे गं," मी म्हटलं, आणि आणखी थोडा वेळ उभी राहिले.